चार विमा कंपन्या, दर एकच : मग ओळी किती मोजायच्या?

कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराकडे ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड आहे असं धरू. ऑपरेशन करायचं तर तो मिरजेला नाहीतर सांगलीला जाणार. कार्डावर विमा कंपनीचं आणि टीपीएचं नाव असतं, पण हॉस्पिटलनं कंपनीशी ठरवलेला दर नसतो. बिल झालं की रक्कम विम्यातून वजा होते. तीन लाखांची पॉलिसी आणि घरात पाच माणसं असतील, तर वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी किती शिल्लक राहणार, हे आधी कळायलाच हवं.

जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार खासगी हॉस्पिटलनं 15 बाबींचं दरपत्रक लावायचं असतं. पण दरपत्रकावरचा दर वेगळा आणि विमा कंपनीशी करारात ठरलेला दर वेगळा.

बरं, हा करार एकाच कंपनीचा असतो असंही नाही. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांचं पीपीएन नावाचं सामाईक नेटवर्क आहे. त्यातल्या हॉस्पिटलशी पॅकेजचे दर एकत्रच ठरतात आणि चौघींना लागू होतात. मग हे दर जाहीर करायचे तर कंपनीच्या नावानं करायचे की नेटवर्कच्या?

अमेरिकेत ही अडचण प्रत्यक्षात आली. तिथं 1 जुलै 2022 पासून आरोग्य विमा योजनांना ठरलेले दर संगणकाला वाचता येतील अशा फाइलींत जाहीर करावे लागतात आणि त्या दर महिन्याला अद्ययावत कराव्या लागतात. एकच नेटवर्क अनेक योजना वापरतात. प्रत्येकीनं पूर्ण यादी दिली, तर तोच दर पुन्हा पुन्हा येणार. म्हणून तिथं अनुक्रमणिकेची वेगळी फाइल ठेवायची सोय आहे. तिच्यात योजनांची नावं असतात आणि सामाईक दर-फाइलचा पत्ता असतो. म्हणजे दर एकदाच लिहायचा आणि योजनांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं.

आता हे आपल्या विश्लेषणात कुठं अडतं ते बघा. आकडे काल्पनिक आहेत. समजा, एका हॉस्पिटलचा मोतीबिंदूचा दर सामाईक नेटवर्कमधल्या चार कंपन्यांना 24,000 रुपये आणि पाचव्या खासगी कंपनीला 34,000 रुपये आहे. पाच ओळींची सरासरी येते 26,000. पण करार दोनच आहेत, त्यांची सरासरी 29,000. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. पहिला सांगतो, कंपन्यांना सरासरी काय दर लागतो. दुसरा सांगतो, हॉस्पिटल सरासरी काय दर ठरवतं. आणि प्रत्यक्षात दर पेशंटमागे किती खर्च झाला हे सांगायचं, तर कोणत्या दरानं किती क्लेम झाले तेही लागेल. नुसत्या दरांच्या यादीत ते नसतं.

आणखी एक धोका आहे. चार सारख्या ओळींना चार स्वतंत्र निरीक्षणं धरलं की प्रमाण त्रुटी उगीचच लहान दिसते आणि कच्चा निष्कर्षही पक्का वाटू लागतो.

तसंच हॉस्पिटलच्या नावावरून ओळी जुळवू नका, स्पेलिंग बदलतं. विमा क्षेत्राची ‘रोहिणी’ नावाची हॉस्पिटल नोंदवही आहे, तिच्यातला क्रमांक वापरा.

तेव्हा डेटा उघडण्याआधी वहीत एक वाक्य लिहा : माझ्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक कंपनी, एक करार की एक क्लेम? गाइडसमोर जाल तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच येईल.