दुर्मिळ फुलांची छायाचित्रे आणि त्यांचा ठावठिकाणा

केरळमधील इडुक्की जिल्ह्यातल्या कळ्ळिप्पारा टेकड्यांवर ऑक्टोबर २०२२ मध्ये नीलकुरिंजी बहरली, तेव्हा त्या निळ्या-जांभळ्या उतारांची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून झपाट्याने पसरली. पाठोपाठ पर्यटकांची रीघ लागली. अरुंद डोंगरी रस्ते वाहनांनी भरून गेले, अनेकांनी फुले तोडली आणि गर्दी ओसरल्यावर टेकड्यांवर प्लास्टिकचा कचरा उरला.

बागेतल्या गुलाबाचे फूल तोडल्यास काही दिवसांत दुसरे येते. नीलकुरिंजीचे तसे नाही. हे झुडूप १२ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. बी तयार होण्याआधीच फांदी मोडली, तर त्या झाडाचा वंश तेथेच थांबतो. महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेली कारवी ही याच वनस्पतीची जवळची नातलग असून, तीही सात-आठ वर्षांनी एकदा फुलते व मरते. एका डोंगरावरील नीलकुरिंजी एकाच हंगामात फुलत असली, तरी निरनिराळ्या डोंगरांवरील बहराची वर्षे वेगवेगळी असतात. त्यामुळे यंदा फुले नेमकी कोठे आहेत, या माहितीला मोल येते. छायाचित्रासोबत नेमकी तीच माहिती अनेकदा नकळत दिली जाते.

मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्थळाची परवानगी दिलेली असल्यास प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ यांची नोंद होते. फेसबुक व इन्स्टाग्राम इतरांना दिसणाऱ्या प्रतीतून ही नोंद काढून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्रातही ती राहत नाही. मात्र तेच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ई-मेलने पाठवल्यास मूळ फाइल नोंदीसह पोहोचते. घरच्या बागेतील फुलाचे छायाचित्र असे पाठवणाऱ्याच्या घराचा पत्ताही त्यातून कळू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्थात तांत्रिक नोंदीपेक्षा छायाचित्राखालचा मजकूर अधिक बोलका असतो. गावाचे नाव, निवडून जोडलेले स्थळ किंवा पार्श्वभूमीला दिसणारा ओळखीचा सुळका एवढ्यावर माहीतगार माणूस जागेपर्यंत पोहोचतो.

असे असले तरी छायाचित्रांचा प्रसार सरसकट अपायकारक म्हणता येणार नाही. हौशी निरीक्षकांनी टिपलेल्या नोंदींमुळे वनस्पतींचा आढळ व बहराचा काळ अभ्यासकांना समजतो. निसर्गातील नोंदी एकत्र करणाऱ्या 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळाने यावर एक मध्यममार्ग काढला आहे. धोक्यात असलेल्या प्रजातीची नोंद झाल्यास खरे स्थान आपोआप झाकले जाते आणि नकाशावर सुमारे २० किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीतील कोणताही एक बिंदू दाखवला जातो. त्यामुळे प्रजातीचा प्रदेश कळतो, झुडूप सापडत नाही.

सह्याद्रीतील कंदीलपुष्पासारख्या वनस्पतींना ही काळजी विशेष लागू पडते. तिच्या काही प्रजाती मोजक्या कड्यांवर आणि उतारांवरच उरल्या आहेत. जमिनीखालील कंद खाण्यासाठी उकरले जातात, ते वेगळेच. सातारा जिल्ह्यातील कास पठार मात्र लपवण्याच्या पलीकडे गेले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या या पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर अतिशय पातळ आहे. एका छायाचित्रासाठी वाट सोडून ताटव्यात बसलेली व्यक्ती किती रोपे चिरडते, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. तेथे बहराच्या काळात आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि दैनंदिन प्रवेशमर्यादा हे उपाय योजावे लागले.

हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर शहराजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ मध्ये पॉपीची नारिंगी फुले पाहण्यासाठी इतकी झुंबड उडाली, की नगर प्रशासनाला काही काळ प्रवेश थांबवावा लागला. २०२३ मध्ये पुन्हा बहर आला, तेव्हा दरी आधीच बंद करण्यात आली.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत नमूद करण्यात आल्या असून, नीलकुरिंजीचा त्यात समावेश आहे. जंगलातून अशी वनस्पती तोडणे किंवा उपटणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरतो. तिचा ठावठिकाणा जाहीर करण्याबाबत मात्र हा कायदा काही सांगत नाही. ती जबाबदारी छायाचित्रकारावरच राहते. जाणकार निरीक्षक केवळ जिल्ह्याचे नाव देतात, कॅमेऱ्याची स्थळनोंद बंद ठेवतात आणि बहर संपून बी गळून गेल्यावरच छायाचित्रे प्रसिद्ध करतात.

मुन्नार परिसरातील नीलकुरिंजीचा मोठा बहर यापूर्वी २०१८ मध्ये येऊन गेला. पुढील बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे.