आजारी मुलाच्या रक्तातील चरबी

भातलावणीच्या दिवसांत कोळवण खोऱ्यातील एक आई सहा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन आली. न्यूमोनियासाठी तो पुण्यात दाखल होता. ट्रायग्लिसराइड वाढलेले, कोलेस्टेरॉल मात्र कमी. "डॉक्टर, याचं दूध-तूप बंद करू का?"

मुळीच नाही! जंतुसंसर्ग गंभीर झाला की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते आणि ते वापरण्याची क्रिया मंदावते. चरबी वाहून नेणारे एचडीएल व एलडीएल हे कण काही जंतूंच्या विषाला चिकटून त्याचा जोर कमी करतात. या काळात त्यांचे प्रमाण घटते. म्हणजे हा आजाराचा परिणाम, खाण्यातली चूक नव्हे.

बरे झाल्यावर हे आकडे सहसा पूर्ववत होतात. चरबीची तपासणी दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करावी. तेव्हाही ट्रायग्लिसराइड जास्त आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तोवर वरण-भात, तूप, दूध, अंडे थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे.

खरे लक्ष ठेवायचे ते मुलावर. धाप, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, झटके, गुंगी, काहीच न पिणे, लघवी कमी होणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी पाऊस थांबण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.