हरवलेले गुलाब शोधायचेत? चला इंदुरात!

फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा, सेलोफेनमध्ये गुंडाळलेला गुलाब सगळ्यांच्या ओळखीचा. पण आजीच्या परसात भरभरून फुलणारा, देवाला वाहून उरला की गुलकंदाच्या बरणीत जाणारा तो गुलाबी, सुवासिक गुलाब कोणता होता? घरोघरी त्याला नुसतं ‘गावठी’ म्हणून मोकळे झालो. अशा बिननावाच्या जुन्या गुलाबांचा माग काढणारी मंडळी जगभर आहेत. जुनी संस्थानी बाग, छावणीतले बंगले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं असलेलं इंदूर तर या शोधासाठी अगदी सोयीचं!

जुना म्हणजे किती जुना?
गुलाबवाल्यांनी त्यासाठी एक साल ठरवून टाकलंय: १८६७. त्या वर्षी फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा गुलाब आला आणि आजच्या ‘हायब्रिड टी’ घराण्याची सुरुवात झाली, असं मानतात. त्याआधी जी घराणी अस्तित्वात होती, त्यांतले सगळे ‘जुने गुलाब’. दमास्क, चायना, बूर्बों, नॉइझेट ही त्यांतली काही नामांकित घराणी.

मांडूच्या सुलतानाचं गुलाबपाणी
इंदूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या मांडूत, पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान गियासशाहाच्या हौसेपोटी ‘निमतनामा’ नावाची सचित्र पाककृतींची पोथी तयार होऊ लागली. तिच्यात समोसे आहेत, सरबतं आहेत, अत्तरं आहेत आणि पानोपानी गुलाबपाणी आहे. पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. माळव्याचा गुलाबाशी स्नेह पाचशे वर्षांचा आहे, याचा याहून चविष्ट पुरावा कुठला?

हा एडवर्ड राजा नव्हे!
इंदूरचा गांधी हॉल १९०४ साली बांधला, तेव्हा राजा सातव्या एडवर्डच्या नावाने तो ‘किंग एडवर्ड हॉल’ होता. आपल्या रोपवाटिकांत पूर्वापार चालत आलेला ‘एडवर्ड’ गुलाबही त्याच राजाचा असणार, असं कुणालाही वाटेल. पण हा गुलाब राजाच्या जन्माआधीचा! हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, तेव्हाच्या बूर्बों बेटावर, शेताच्या कुंपणाला दमास्क आणि चिनी गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांच्या आपसूक संकरातून हे रोप उगवलं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेओं १८१७ साली बेटावर आला, त्याच्या नजरेला ते पडलं आणि पुढे त्याचं बी पॅरिसला रवाना झालं. बेटावरच्या एदुआर नावाच्या जमीनदारावरून गुलाबाला नाव मिळालं, अशी परंपरा सांगते.

त्याच्या आईची जन्मपत्रिका
एडवर्डची चिनी आई म्हणजे ‘ओल्ड ब्लश’. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती युरोपात पोचली. चिनी गुलाब भारतमार्गे येत असल्याने फ्रेंचांनी त्यांना चक्क ‘बंगालचे गुलाब’ म्हणायला सुरुवात केली! बारमाही फुलण्याचा गुण आधुनिक गुलाबांना या चिनी घराण्याकडून मिळाला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी गुलाबाचा संपूर्ण जीनोम वाचला, तोही ‘ओल्ड ब्लश’चाच.

शोधायचं कुठे?
परदेशातले गुलाबशोधे आधी दफनभूमीत, पडक्या वाड्यांत, जुन्या रस्त्यांच्या कडेला जातात. नांगर, बुलडोझर आणि नवी फॅशन तिथे उशिरा पोचते. इंदुरात हीच यादी लालबागेपासून सुरू करावी. खान नदीकाठच्या होळकरांच्या या राजवाड्याचं काम १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ पर्यंत चाललं. त्याचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाबरहुकूम आहे आणि त्याची गुलाबबाग एके काळी नावाजलेली. मग रेसिडेन्सी भागातले जुने बंगले, छत्रीबाग, देवळांची आवारं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या मराठी घरांच्या मागचं अंगण.

कलम मेलं, खुंट जगला
इथे मात्र सावध! आधुनिक गुलाब बहुधा दुसऱ्या काटक गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून वाढवतात. वरचं नाजूक कलम मरतं आणि खालचा खुंट जोमाने फुटतो. मालकाला वाटतं, गुलाबाने रंग बदलला! पण गंमत अशी, की आपल्याकडे खुंट म्हणून खुद्द ‘एडवर्ड’ही वापरत. म्हणजे नवा गुलाब गेला आणि त्याच्या पायाशी दोनशे वर्षांचा वारसा उभा राहिला, असंही घडू शकतं.

गुलाबाचे ठसे
ओळख नुसत्या रंगावरून पटत नाही. काट्यांचा आकार, पानांचा पोत, फळ, वास आणि फुलायचा हंगाम, सगळं टिपावं लागतं. पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली चिमुकली उपपर्णं झालरीसारखी कातरलेली दिसली, तर तिथे ‘मल्टिफ्लोरा’ घराण्याचा हात आहे, असं समजावं.

हंगामाने दिलेला पुरावा
जुना मस्क गुलाब इंग्लंडच्या बागांतून जवळपास गायब झाला होता. १९६३ साली गुलाबतज्ज्ञ ग्रॅहम थॉमस यांना तो बागप्रेमी लेखक बोल्स यांच्या जुन्या बागेत सापडला. इतर गुलाब ओसरल्यावर उन्हाळ्याच्या शेवटी फुलायची त्याची सवय हीच खूण ठरली. पुढे २००० साली डीएनए तपासणीने दाखवलं, की दमास्क गुलाबाच्या तीन पूर्वजांपैकी एक मस्क आहे. म्हणजे हा आपल्या एडवर्डचाही पूर्वज!

आपले गुलाबशोधे
कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने १९९० मध्ये मणिपूरचा शिरुई डोंगर चढून ‘रोझा जायगँटिया’ हा रानगुलाब गाठला. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉट यांनी १८८२ साली मणिपुरातच त्याची नोंद केली होती. पाणथळ जागेत तगणारा आपला ‘रोझा क्लिनोफिला’ही या दोघांनी संकरासाठी वापरला. उष्ण हवेत रमणारे गुलाब घडवायचे, तर इथल्याच रानगुलाबांचं रक्त हवं, हा त्यांचा आग्रह.

हायवेचं नाव गुलाबाला
मूळ नाव सापडेपर्यंत गुलाबाला तात्पुरतं नाव देतात, बहुधा तो मिळाला त्या जागेचं किंवा जपणाऱ्या माणसाचं. म्हणून अमेरिकेत ‘हायवे २९० पिंक बटन्स’ नावाचा गुलाब आहे. मग ‘छत्रीबाग गुलाबी’ का नसावा?

राखेतून फुटवा
जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावच्या कॅथीड्रलच्या भिंतीवर एक फार जुना रानगुलाब आहे. मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात कॅथीड्रल उद्ध्वस्त झालं, झुडूप जळालं. ढिगाऱ्याखालच्या मुळांतून ते पुन्हा फुटलं. वठलेलं झाड उपटण्याआधी हे जरूर आठवा.

गुलाब कुठलाही असो, खत मात्र इंदूरचं!
कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूरच्या संशोधन संस्थेत पालापाचोळा आणि शेणापासून कंपोस्ट करायची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ साली तिच्यावर पुस्तक आलं, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. जगभरच्या बागा ज्या पद्धतीने पोसल्या, ती आपल्या गावची आहे.

आता तुमची पाळी
गुलाबाची जात बियांतून टिकत नाही, फांदीतून टिकते. एका जातीची सगळी रोपं म्हणजे मुळात एकच झाड, हातोहात पुढे गेलेलं. ही साखळी तुटली, की जात संपली. म्हणून दसऱ्यानंतर छाटणी कराल तेव्हा जुन्या गुलाबाच्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या निवडा, दोन-तीन डोळे वर ठेवून कुंडीत लावा, सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या. रुजलेली रोपं निदान तीन घरी वाटा, एका अंगणात मेली तरी दुसरीकडे जगतील. आणि प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी द्या: रोप कुणाकडून आलं, कोणत्या गल्लीतून, साधारण कोणत्या साली. घरातल्या आजी-मावश्यांना हे आजच विचारा, कारण गुलाबाआधी त्याची माहिती हरवते.