अकरा महिन्यांचा कागद

पापडी तलावापासून हाकेच्या अंतरावर भाड्याने राहणाऱ्या एका ताईंनी परवा कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चार घड्या पडलेला स्टॅम्पपेपर, त्यावर नोटरीचा जांभळा गोल शिक्का, खाली मालकाची सही. "करार रीतसर केलाय हो," त्या म्हणाल्या. डिपॉझिट पन्नास हजार दिलेलं, कागदावर मात्र वीसच लिहिलेलं. मालक वाईट माणूस नाही. त्याला कुणीतरी असंच करायला सांगितलं होतं. वसईत भाड्याच्या घरांचे निम्मे व्यवहार असेच "कुणीतरी सांगितलं" यावर चालतात, म्हणून हे लिहायला बसलो.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही." हा सर्वांत रुजलेला गैरसमज. त्याचं मूळ 1908च्या नोंदणी कायद्यात आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा, असं तो सांगतो. म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती केव्हाच बंद झाली. 31 मार्च 2000पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 55नुसार घर भाड्याने द्या की लीव्ह अँड लायसन्सवर द्या, मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद उभा राहिला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोटरीच्या शिक्क्याने नोंदणी होत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली म्हणजेही करार नोंदवला असं होत नाही, ते काम वेगळं.

खर्चाची भीती घालतात, म्हणून हिशेब करून दाखवतो. भाडं नऊ हजार, मुदत अकरा महिने, म्हणजे 99 हजार. परत मिळणाऱ्या पन्नास हजार डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने अकरा महिन्यांचं व्याज धरतात, ते साधारण साडेचार हजार. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण दोनशे साठ रुपये. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. मध्यस्थ घेतो ते वेगळं, पण सरकारला जाणारी मुख्य रक्कम एवढीच. त्यासाठी कार्यालयात खेटेही घालावे लागत नाहीत. आधार क्रमांक, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र असलं की घरबसल्या नोंदणी होते.

मालकांच्या मनात दुसरीच भीती असते. "भाडेकरू बसला की घर गेलं, बारा वर्षांनी तोच मालक." मालकाच्या संमतीने राहणारा माणूस, नुसती वर्षं सरली म्हणून मालक होत नाही. बारा वर्षांची गोष्ट मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ताबा ठेवणाऱ्याबद्दल आहे. उलट लीव्ह अँड लायसन्सचा लेखी करार हाच 1999च्या अधिनियमाच्या कलम 24खाली त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. मुदत संपून माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट शुल्क मागता येतं. म्हणजे जो कागद मालक टाळतो, तोच त्याचं घर राखतो.

ही भीती आली कुठून, हे मात्र समजून घेतलं पाहिजे. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने बऱ्याच जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून ठेवली. फाळणीच्या, निर्वासितांच्या, टंचाईच्या काळात ती गरज होती. लाखो कष्टकरी कुटुंबं त्यामुळेच मुंबईत टिकली, हे विसरू नये. पण पन्नास वर्षं भाडं जागचं हललं नाही. मालकांनी डागडुजी सोडली, चाळी खचल्या, आणि भाड्याने द्यायला नवं कुणी बांधेना. 1997मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता वाजवी राहिली नसल्याचं म्हटलं, त्यानंतर 1999चा कायदा आला. त्यात भाडेकरूचं संरक्षण राहिलं आणि मालकाला दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. देशातल्या शहरांत भाड्याने राहणाऱ्यांचा वाटा 1961मध्ये 54 टक्के होता, 2011मध्ये 28वर आला.

"गरिबांना सरकार भाड्याने घर देतं," असंही अनेकांना वाटतं. एकेकाळी देत असे. गृहनिर्माण मंडळाने टिळकनगर, कन्नमवार नगरसारख्या वसाहती उभारल्या, तिथले गाळे पुढे सोसायट्या होऊन राहणाऱ्यांच्या मालकीचे झाले. आजची म्हाडा, संक्रमण शिबिरं सोडली तर, मुख्यतः विकायला घरं बांधते. एमएमआरडीएने महामुंबईत 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना काढली होती. तिच्यातून पनवेलजवळ कोन इथे उभ्या राहिलेल्या दोन-दोन खोल्या जोडून अखेर गिरणी कामगारांना मालकीने दिल्या. कामगारांचा हक्कच होता तो. पण आज नऊ हजार भाडं भरणाऱ्यासाठी सरकारी दारात भाड्याची खोली उरली नाही, हेही तितकंच खरं.

मालकीच्या घरासाठी म्हाडाची सोडत आहे. महामुंबईत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प. सोडत संगणकावर निघते, दलालाला दिलेले पैसे बुडीतच. "म्हाडाचं घर म्हणजे लगेच संपतं," हेही खरं नाही. पापडीहून उत्तरेला विरार-बोळिंजला म्हाडाने उभ्या केलेल्या हजारो घरांपैकी कित्येक हजार वर्षानुवर्षं पडून राहिली. नळाला पाणी नव्हतं! सूर्या प्रकल्पाचं पाणी पोचल्यावर, आणि सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य दिल्यावर, ती हलू लागली. नुसत्या भिंती स्वस्त असून चालत नाही. घागर भरायला कुठे जायचं, हे बाई आधी बघते.

हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतं की दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा. ते केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडे कायद्यात आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि वसईतला करार 1999च्या कायद्यानेच चालतो.

हे सगळं ऐकून ताईंनी मालकांना फोन लावला. ते आधी कुरकुरले, मग कलम 24 ऐकून गप्प झाले. रविवारी दुपारी दोघांनी यंत्रावर अंगठे ठेवले. नव्या करारात डिपॉझिटचा आकडा अक्षरी आणि अंकी, दोन्हीकडे पन्नास हजारच आहे.