डोंगरदऱ्यांच्या छायाचित्रणासाठीं कॅमेरा कोणता घ्यावा?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर नववींतील एका विद्यार्थ्यानें मला गांठून विचारलें, "सर, साठविलेल्या पैशांतून मला फिल्मचा जुना कॅमेरा घ्यावयाचा आहे. डोंगरांचीं चित्रें मोठीं करून भिंतीवर लावावयाचीं आहेत. कोणता घेऊं?" त्याच्या वडिलांचाही एक प्रश्न होता, पण तो निराळा : "हा खर्च वायां तर जाणार नाहीं ना?" दोघांसही उभ्याउभ्या उत्तर देणें शक्य नव्हतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोबाइल हातीं असतां फिल्म कशास, असें सुज्ञ पालक विचारतील. आवड, एवढेंच त्याचें उत्तर आहे. आणि माझ्या मतें तें पुरेसें आहे.

नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटरचें असतें. ज्यास मीडियम फॉरमॅट म्हणतात त्या कॅमेऱ्यांत १२० क्रमांकाची फिल्म घालतात. ही फिल्म कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठीं काढिली आणि ती आजही मिळते. तिची रुंदी सुमारें ६ सेंटिमीटर. तिच्यावरील चौरस चित्र प्रत्येक बाजूस ५६ मिलिमीटर भरतें, म्हणजे त्याचें क्षेत्रफळ लहान चित्राच्या साडेतीन पटींहून अधिक झालें. दूरच्या कड्यावरील खडकांचे थर, कपारींतील कारवी, दरींतील धुक्याच्या फिकट छटा हें सर्व मोठ्या कागदावर उमटवितांना लहान फिल्मचे कण डोळ्यांस खुपूं लागतात. मोठ्या फिल्मवर तेच तपशील शाबूत राहतात. परंतु हें सुख मोजून मिळतें. एका रोलवर ६ × ६ च्या आकाराचीं १२ चित्रें, ६ × ७ चीं १० आणि ६ × ९ चीं अवघीं ८.

आतां निवडीकडे वळूं. येथें मी स्वतः ठेंच खाल्लेली आहे. ६ × ७ आकाराच्या एका नामांकित कॅमेऱ्याची कीर्ति ऐकून मीं तो घेतला. भिंगासह त्याचें वजन दोन किलोंहून अधिक. हरिश्चंद्रगड चढावयाचा म्हणून ओझें कमी करण्याची युक्ति मीं काढिली, ती अशी कीं, ट्रायपॉड खालीं पाचनई गांवांतच ठेविला! संध्याकाळीं कोंकणकड्यावर पोंचलों, तों सूर्य मावळत होता. जवळची शिळा व दूरचे सुळके दोन्ही रेखीव यावयाचे तर भिंगाचें छिद्र १६ क्रमांकापर्यंत लहान करणें भाग होतें. तें लहान केलें कीं प्रकाश कमी शिरतो व शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें. कॅमेरा हातांतच धरून दहाही चित्रें घेतलीं. रोल धुवून आला तेव्हां दहाही चित्रें हललेलीं! कॅमेऱ्याचा दोष तिळमात्र नव्हता.

मोठ्या फिल्मला लागणारें भिंगही लांब पल्ल्याचें असतें. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग जें काम करतें, त्यासाठीं ६ × ६ च्या कॅमेऱ्यास ८० मिलिमीटरचें लागतें. त्यामुळें छिद्र अधिकच लहान करावें लागतें. म्हणून ट्रायपॉडचे पैसे आधीं बाजूस काढावे आणि उरलेल्यांत कॅमेरा बसवावा.

अमेरिकेंतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं १९२७ सालीं योसेमिटीच्या दरींतील हाफ डोम नांवाचा प्रचंड खडक टिपला, तो कांचेच्या पट्ट्या व अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फांतून चढून. त्याच खडकावर चंद्र आलेला त्यांनीं १९६० सालीं टिपला, त्या वेळीं हातीं ६ × ६ चा हॅसेलब्लाड होता. दोन्ही चित्रें जगप्रसिद्ध आहेत.

पेंटॅक्स कंपनीचा ६ × ७ चा कॅमेरा १९६९ सालचा. त्यांत भिंगांतूनच देखावा दिसतो हें खरें, पण आंतील मोठा आरसा उचलतांना जो धक्का बसतो, त्यानें मंद शटरवर चित्र पुसट होण्याचें भय असतें. १९९५ सालचा मामिया ७ हलका व उत्तम. पण त्याची किंमत ऐकून विद्यार्थ्यानें गप्प बसावें हें बरें. घडीचे जुने कॅमेरे खिशांत मावतात. मात्र त्यांचा भाता घेण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत आंतून बॅटरी लावून पाहावा. टांचणीच्या अग्राएवढें भोंक असलें, तरी प्रकाश फुटलेला दिसतो.

मी नवशिक्यास दोन भिंगांचा कॅमेरा सुचवीन. या जातीचा प्रसिद्ध रोलायफ्लेक्स जर्मनींत १९२९ सालीं निघाला. वरच्या भिंगानें पाहावयाचें, खालच्यानें चित्र घ्यावयाचें. दोहोंमधील अंतरामुळें जवळच्या फुलाची चौकट चुकते. डोंगराची चुकत नाहीं. वजन सुमारें एक किलो, आणि आरसा उचलण्याची भानगड नाहीं. मान खालीं घालून दुधी कांचेवर पाहावें लागतें व उजवें-डावें उलटें दिसतें, त्यामुळें आरंभीं त्रेधा उडते. पण त्या उलट्या चित्रांत झाड कोठें, आकाश किती, हें डोळा सावकाश तपासूं लागतो. असो.

हे बहुतेक कॅमेरे आतां जुनेच घ्यावे लागतात. आपल्या इकडील, विशेषतः कोंकणांतील, पावसाळा हा भिंगांचा शत्रु होय. बंद कपाटांत ठेविलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि कांच कायमची खराब होऊं शकते. घेतांना भिंग उजेडाकडे धरून आरपार पाहावें. शटर एका सेकंदावर लावून कान द्यावा, अडखळत असेल तर घड्याळजीच्याच तोलाचा कारागीर शोधावा लागेल. घरीं आणल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत ठेवावा. चामड्याच्या पेटींत तर मुळींच ठेवूं नये. चामडें ओल धरून ठेवितें.

त्या विद्यार्थ्यानें अखेर दोन भिंगांचाच एक जुना कॅमेरा घेतला व उरलेल्या पैशांत ट्रायपॉड. पहिल्या रोलच्या १२ चित्रांपैकीं ५ साधलीं. दोन एकावर एक उमटलीं होतीं, कारण फिल्म पुढें फिरवावयाची राहिली होती. त्याचे वडील निगेटिव्ह खिडकीपाशीं धरून तीं स्वतः मोजीत होते.