शहराच्या मध्यभागी बेसबॉलचे मैदान : जागानिवड आणि आराखडा
(बाल्टिमोर येथील कॅम्डेन यार्ड्सचा अभ्यास)

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :
(१) मोठ्या क्रीडांगणासाठी जागा निवडताना कोणते घटक तपासायचे ते सांगणे;
(२) प्रेक्षकांच्या दृष्टिरेषेचे सोपे गणित करणे;
(३) जागेच्या मर्यादांचा आराखड्यावर काय परिणाम होतो ते उदाहरणासह स्पष्ट करणे;
(४) अशा प्रकल्पाचा सार्वजनिक खर्च आणि लाभ यांचा विचार करणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, "४८ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधायचे आहे, जागा सुचवा," असे वर्गात सांगितले की बहुतेक जण शहराबाहेरची मोकळी, सपाट आणि स्वस्त जमीन सुचवतात. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जमिनीची किंमत हा खर्चाचा एकच भाग आहे. लोक तेथे कसे येणार, सामना नसेल त्या दिवशी त्या जागेचे काय होणार आणि पैसे कोण भरणार, हे प्रश्नही जागानिवडीतच मोडतात.

या पाठात आपण अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर शहरातील एक मैदान अभ्यासासाठी घेतले आहे. त्याचे पूर्ण नाव ओरिओल पार्क अ‍ॅट कॅम्डेन यार्ड्स. ६ एप्रिल १९९२ रोजी ते खुले झाले. त्यानंतर अमेरिकेत बांधलेल्या अनेक बेसबॉल मैदानांनी त्याचा कित्ता गिरवला.

२. आधी खेळ समजून घेऊ

आपल्याला क्रिकेटचे मैदान परिचित आहे. तेथे खेळपट्टी मधोमध असते आणि सीमारेषा चहूबाजूंनी. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे असते. फलंदाज एका कोपऱ्यात, म्हणजे होम प्लेटवर उभा राहतो. तेथून ९० अंशांच्या कोनात दोन फाउल रेषा निघतात आणि खेळ मुख्यतः त्यांच्यामध्ये चालतो. लागोपाठच्या दोन बेसमधील अंतर ९० फूट (२७.४ मीटर) ठरलेले आहे.

मात्र बाहेरच्या भिंतीचे अंतर एकच एक ठरलेले नाही. १९५८ नंतरच्या व्यावसायिक मैदानांसाठी नियम किमान अंतर सांगतो : फाउल रेषेवर ३२५ फूट आणि मध्यभागी ४०० फूट. त्याहून भिंत किती लांब असावी, किती उंच असावी, सरळ की वाकडी, हे आराखडा करणाऱ्यावर सोपवलेले आहे. हे स्वातंत्र्य लक्षात ठेवा. अडचणीच्या जागेत बेसबॉलचे मैदान बसू शकते ते यामुळेच.

दुसरी गोष्ट दिशेची. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी शिफारस नियमांत आहे. त्यामुळे दुपारनंतरचा पश्चिमेचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येत नाही. ही सक्ती नाही, पण आराखड्याची पहिली रेघ ओढताना तिचा विचार करावाच लागतो.

तिसरी गोष्ट वापराची. मुख्य लीगमधील संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो आणि त्यांपैकी निम्मे, म्हणजे ८१, घरच्या मैदानावर होतात. अमेरिकन फुटबॉलचे घरचे सामने मोसमात जेमतेम आठ-दहा. वर्षातून ८१ दिवस हजारो लोकांना एका ठिकाणी आणणारी इमारत शहराच्या दैनंदिन जीवनाचा भाग होऊ शकते. आठ-दहा दिवस वापरल्या जाणाऱ्या इमारतीच्या बाबतीत ते अवघड आहे.

३. आधीची पिढी

१९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेतील अनेक शहरांनी बेसबॉल आणि फुटबॉल या दोन्ही खेळांसाठी एकच गोल काँक्रीटचे स्टेडियम बांधले. सिनसिनाटी आणि पिट्सबर्ग (दोन्ही १९७०) तसेच फिलाडेल्फिया (१९७१) ही त्याची उदाहरणे. खर्च वाटला गेला, पण दोन्ही खेळांना ते नीट बसले नाही. फुटबॉलचे मैदान आयताकृती आणि बेसबॉलचे पंख्यासारखे. दोन्ही सामावणाऱ्या वर्तुळात बेसबॉलच्या अनेक प्रेक्षकांना खेळापासून फार दूर बसावे लागे.

४. बाल्टिमोरसमोरचा प्रश्न

ओरिओल्स हा बेसबॉल संघ शहराच्या उत्तरेकडील निवासी भागातील मेमोरियल स्टेडियममध्ये खेळत असे. कोल्ट्स हा फुटबॉल संघही तेथेच होता. मार्च १९८४ मध्ये कोल्ट्सने एका रात्रीत सामान मालमोटारींत भरले आणि इंडियानापोलिस गाठले. आता ओरिओल्सही जातील, ही भीती शहराला वाटू लागली. १९८६ मध्ये राज्याने मेरीलँड स्टेडियम प्राधिकरण स्थापन केले. बाल्टिमोरचे दीर्घकाळ महापौर राहिलेले विल्यम डोनाल्ड शेफर १९८७ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी शहराच्या मध्यभागातील मैदानाचा आग्रह धरला.

निवडलेली जागा म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या जुन्या कॅम्डेन स्थानकालगतचे मालधक्क्याचे आवार. तिच्या बाजूचे मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

*रस्ता :* आंतरराज्य महामार्ग ३९५ दक्षिणेकडून येऊन या परिसराजवळच संपतो.

*रेल्वे :* वॉशिंग्टनकडे जाणारी उपनगरी गाडी कॅम्डेन स्थानकातून सुटते. शहरातील लाइट रेलही १९९२ मध्येच सुरू झाली.

*प्रेक्षक :* वॉशिंग्टन साधारण ६० किलोमीटरवर आहे. १९७१ नंतर त्या शहराला स्वतःचा मुख्य लीगमधील संघ राहिला नव्हता. तो थेट २००५ मध्ये मिळाला. म्हणजे नव्या मैदानाला दोन शहरांचे प्रेक्षक मिळू शकत होते. शहराच्या उत्तरेपेक्षा नैर्ऋत्येकडील जागा त्यांना अर्थातच जवळची.

*शेजार :* बंदराकाठचा इनर हार्बर हा पुनर्विकसित भाग चालत जाण्याच्या अंतरावर होता.

आता वाहनतळाचे ढोबळ गणित करू. ४८,००० प्रेक्षकांपैकी ७० टक्के मोटारीने आले आणि एका मोटारीत सरासरी २.५ माणसे धरली, तर १३,४४० मोटारी होतात. ये-जा करण्याच्या वाटांसह एका मोटारीला २८ चौरस मीटर धरले, तर सुमारे ३.७६ लाख चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९३ एकर जागा लागते. (हे आकडे सरावासाठी धरलेले आहेत.) शहराबाहेर ही सगळी जागा विकत घेऊन डांबर टाकावे लागते आणि सामना नसताना ती रिकामी राहते. शहरात मात्र कार्यालयांचे वाहनतळ संध्याकाळी मोकळे होतात आणि सामने बहुधा संध्याकाळीच असतात. एकच जागा दोन वेळा दोन कामांना वापरता येते. महाग जमीन काही वेळा हिशेबात परवडते ती अशी.

५. अडचण हीच आराखड्याची सुरुवात

या जागेच्या पूर्व कडेला रेल्वेचे विटांचे गोदाम उभे होते. १८९९ ते १९०५ या काळात बांधलेले हे गोदाम १,११६ फूट (३४० मीटर) लांब आणि फक्त ५१ फूट (१५.५ मीटर) रुंद आहे. ते पाडावे की ठेवावे, यावर बरीच चर्चा झाली. अखेर ते ठेवले गेले आणि पुढचे बरेच निर्णय त्यातून निघाले.

(अ) मैदानाचा अक्ष गोदामाला धरून ठरला. होम प्लेटवरून फलंदाज ईशान्येच्या बाजूला, शहराच्या इमारतींकडे पाहतो आणि उजव्या हाताला त्याला गोदाम दिसते.

(आ) उजवीकडे जागा अपुरी पडली. तेथील फाउल रेषा ३१८ फुटांवर थांबते. म्हणजे वर सांगितलेल्या ३२५ फुटांच्या नियमाला येथे अपवाद झाला. अंतर कमी म्हणून भिंत २५ फूट उंच केली, जेणेकरून सोपे होमरन होऊ नयेत. मैदान असमान झाले, पण ते जागेच्या गरजेतून.

(इ) गोदाम आणि मैदान यांच्यामधला युटॉ स्ट्रीट वाहनांसाठी बंद करून पादचारी मार्ग केला. सामन्याच्या दिवशी तो मैदानाचाच भाग असतो.

(ई) खेळाची पातळी रस्त्यापेक्षा सुमारे १६ फूट (४.९ मीटर) खाली घेतली. त्यामुळे बाहेरून इमारत अवाढव्य वाटत नाही आणि बरेच प्रेक्षक रस्त्याच्या पातळीवरून आत येऊन खाली उतरतात.

(उ) वरच्या मजल्यांसाठी उघडे पोलादी सांगाडे आणि दर्शनी भागाला विटा वापरल्या, म्हणजे नवी इमारत जुन्या गोदामाशेजारी परकी वाटत नाही.

आराखडा एचओके स्पोर्ट या वास्तुसंस्थेचा. संघाच्या बाजूने जॅनेट मेरी स्मिथ यांनी या कामाचा पाठपुरावा केला.

६. दृष्टिरेषेचे गणित

पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याला खेळ दिसला पाहिजे. मागच्याची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या अंतराला सी-मूल्य म्हणतात. समरूप त्रिकोणांवरून सूत्र असे मिळते :

सी = [अ × (उ + च) ÷ (अ + र)] − उ

येथे अ = खेळातील लक्ष्यबिंदूपासून पुढच्या प्रेक्षकाचे आडवे अंतर, उ = त्या बिंदूपासून त्याच्या डोळ्यांची उंची, च = एका ओळीचा चढ, र = ओळीची रुंदी. सी-मूल्य ६० मिलिमीटर म्हणजे जेमतेम, ९० म्हणजे चांगले समजतात.

*उदाहरण १ :* अ = ४० मी., उ = १० मी., र = ०.८० मी. चढ ०.२५ मी. ठेवला तर सी = ४९ मिमी, म्हणजे अपुरे. चढ ०.३० मी. केला तर सी = ९८ मिमी, म्हणजे चांगले.

*उदाहरण २ :* वरचा मजला घ्या. अ = ५० मी., उ = २० मी., र तेवढीच. सी-मूल्य ९० मिमी हवे असेल तर चढ ०.४१ मी. लागतो, म्हणजे उतार सुमारे २७ अंश. हाच मजला ५ मीटर खाली आणला (उ = १५ मी.), तर चढ ०.३३ मी. पुरतो आणि उतार सुमारे २२.५ अंश होतो.

दोन्ही उत्तरे स्वतः करून पाहा. वरचा मजला जितका उंच, तितका तो उभा करावा लागतो. हे केवळ पुस्तकी नाही. शिकागोतील नवे कॉमिस्की पार्क १९९१ मध्ये, म्हणजे कॅम्डेनच्या एकच वर्ष आधी खुले झाले आणि वास्तुसंस्थाही तीच होती. तेथे महागड्या खासगी कक्षांचे मजले मध्ये घातल्याने वरचा मजला उंच गेला आणि फार उभा झाला. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर पुढे त्याच्या वरच्या काही ओळी काढून टाकाव्या लागल्या. भोवती मुख्यतः वाहनतळ, बाजूला महामार्ग; आणि ते बांधण्यासाठी तेथील वस्तीतली घरे पाडली गेली होती. वास्तुसंस्था एकच, पण जागा आणि मागण्या वेगळ्या, म्हणून निकालही वेगळा.

७. वारा

प्रत्येक जागेचा घटक वेगळा असतो. सॅन फ्रान्सिस्कोचे जुने कँडलस्टिक पार्क बोचऱ्या वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध होते. २००० साली खाडीकाठी नवे मैदान बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वातबोगद्यात तपासली गेली आणि त्यावरून मैदानाची दिशा ठरवली गेली. प्रेक्षकसज्जाच वाऱ्याला आडोसा होईल अशी ती बदलली. तेथेही उजवीकडे पाणी असल्याने फाउल रेषा फक्त ३०९ फुटांची आहे आणि भिंत २४ फूट उंच आहे.

८. पैसे कोणाचे?

कॅम्डेन यार्ड्सला प्रेक्षकांची दाद मिळाली, पण अभियंत्याने येथे थांबू नये. हे मैदान सार्वजनिक पैशातून बांधले गेले आणि त्यासाठी राज्याने लॉटरीचे उत्पन्न वापरले. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी संपादित केलेल्या अभ्यासानुसार, सुमारे २० कोटी डॉलरच्या या गुंतवणुकीतून बाल्टिमोरच्या अर्थव्यवस्थेला मिळणारा निव्वळ लाभ वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर होता. म्हणजे दीड टक्का. कारण साधे आहे. सामन्यावर खर्च होणारा बराचसा पैसा त्याच परिसरातील लोक एरवी चित्रपटावर किंवा हॉटेलात खर्च करतातच.

मग मैदान बांधू नये का? तसे नाही. शहराला आपला संघ हवा असतो, संध्याकाळी रस्ते जागते हवे असतात, जुनी इमारत जपायची असते. ही मूल्ये खरी आहेत. पण ती "रोजगार वाढेल" या वाक्यामागे लपवू नयेत; नागरिकांसमोर ती त्यांच्या खऱ्या किमतीसह मांडावीत.

शेजाराचेही तसेच. डाव्या बाजूने शहराच्या इमारती दिसणे हे या मैदानाचे एक वैशिष्ट्य होते. २००८ मध्ये पलीकडे शहराच्याच मालकीचे मोठे हॉटेल उभे राहिले आणि त्या दृश्याचा बराच भाग झाकला गेला. जे आराखड्यात महत्त्वाचे आहे, ते आजूबाजूच्या भूखंडांच्या नियमांतही लिहून ठेवावे लागते.

९. सारांश

मोकळी जमीन आराखड्याला काहीच सांगत नाही. अडचणीची जागा मात्र पुष्कळ काही सांगते : अक्ष कोठे, भिंत किती उंच, लोक कोठून येणार. पण जागा निवडणे म्हणजे शेजारी आणि करदाते निवडणेही असते. त्यांचा हिशेब पहिल्या नकाशाबरोबरच मांडला पाहिजे.

स्वाध्याय

१. अ = ४५ मी., उ = १२ मी., र = ०.८५ मी. आणि सी = ९० मिमी असताना चढ आणि उताराचा कोन काढा.
२. मुंबईचे वानखेडे स्टेडियम चर्चगेट स्थानकाजवळ आहे. पुण्याजवळचे गहुंजे येथील मैदान द्रुतगती मार्गालगत आहे. प्रवास, वाहनतळ आणि सामना नसतानाचा वापर या तीन मुद्द्यांवर त्यांची तुलना करा.
३. तुमच्या शहरातील वापरात नसलेली एक गिरणी, गोदाम किंवा रेल्वेचे आवार निवडा. तेथे क्रीडांगण करायचे झाल्यास कोणती इमारत ठेवाल, आणि ती ठेवल्याने आराखड्यातील कोणते तीन निर्णय बदलतील, ते लिहा.