पडून राहिलेल्या पोत्यांचे मोल

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो, "एवढा माल कशाला भरून ठेवलाय?" कारखानदाराने किती माल साठवावा, याची मापे टंडन समितीने १९७५ साली घालून दिली होती. आमची पिढी त्याच शिस्तीत वाढली. जास्त माल म्हणजे अडकलेला पैसा, आणि अडकलेल्या पैशावर व्याज. हिशेब बिनचूक होता.

संगमनेरच्या शाखेत असताना पशुखाद्याचे एक दुकानदार आमचे खातेदार होते. तालुका दुधाचा, त्यामुळे धंदा बरा. पण गोदामात सरकी पेंड नेहमी गरजेहून अधिक. शिवाय माल दोघांकडून घ्यायचा. एक खानदेशातला, दुसरा मराठवाड्यातला. दुसऱ्याचा भाव चढा.

"सगळा माल स्वस्तातल्याकडूनच घ्या की," मी सुनावले.

"साहेब, गाय रविवार पाळत नाही," ते हसून म्हणाले. मी त्यांची कर्जमर्यादा वाढवली नाही.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. पशुखाद्याला सूट होती. पण सूट कागदावर, ट्रक रस्त्यावर. चालक गावी गेलेले, हमाल मिळेनात, ढाबे बंद. तोवर दुकान मुलाकडे आले होते. खानदेशातला माल तीन आठवडे आला नाही. त्या दिवसांत गोदामातली पोती कामी आली, आणि पुढे मराठवाड्यातून एक गाडी पोचली. त्या व्यापाऱ्याने यांनाच माल का दिला? वर्षानुवर्षे थोडा का होईना, त्याच्याकडून माल घेतला जात होता आणि पैसे वेळेवर पोचत होते. संकटात नव्याने ओळख काढता येत नाही.

मुलाने प्रत्येकाला दोनच पोती दिली, भाव वाढवला नाही. साठेबाजी आणि बेगमी यांतला फरक इथेच आहे.

देशानेही हाच धडा गिरवला. औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर फार विसंबलो होतो. ३ मार्च २०२० रोजी पॅरासिटामॉलसह २६ औषधे व औषधद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायू अपुरा पडू लागला, तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले आणि भरून नागपूर-नाशिकला आले. प्राणवायू देशात होता. रुग्णाच्या उशाशी नव्हता.

आता माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधी पंधरा दिवस घरात येतात. वाणीही एक नाही, दोन धरले आहेत. थोडे महाग पडते. विम्याचा हप्ताही पडतोच.

परवा संगमनेरला गेलो होतो. वडील आता थकलेत, पण दुकानात येऊन बसतात. गोदामात पोती तशीच थप्पीने रचलेली. मी काही विचारले नाही. त्या पोत्यांवरचे व्याज मी पैशापैशाने मोजले होते. ती नसती तर किती गोठे उपाशी राहिले असते, हा रकानाच आमच्या तक्त्यात नव्हता.